३००बी चा हट्ट आणि २.२ ओहमचा रेझिस्टर : गावभागातल्या एका व्हॉल्व्ह अँपच्या निवडीचं प्रकरण

सांगलीच्या गावभागातलं जुनं घर. निवृत्त जोडपं. दोघंही ख्याल, ठुमरी आणि नाट्यसंगीत ऐकणारे, त्यात बाई स्वतः गातात. त्यामुळे ऐकायच्या खोलीत मिरजेहून करून आणलेला तानपुरा कायम लावलेला असतो. साधारण चारशे एलपी, मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचं टर्नटेबल, पंधरा वर्षं जुना ट्रान्झिस्टरचा इंटिग्रेटेड (प्रीअँप आणि पॉवर अँप एकाच डब्यात) अँप आणि दोन-वे बुकशेल्फ स्पीकर असा संच होता. अंदाजपत्रक साडेतीन लाखांचं. मागणी आमच्या सल्ल्याआधीच ठरलेली होती: ३००बी चा, म्हणजे त्या नावाच्या काचेच्या नळीचा (व्हॉल्व्हचा), सिंगल-एंडेड अँप, ज्यात एकच व्हॉल्व्ह अख्खी लहर वाहतो; बाकी सगळं आहे तसंच.

हा हट्ट का, तेही समजण्यासारखं होतं. पुण्यातल्या एका शोरूममध्ये दोघांनी तो अँप ऐकला होता आणि गायकाचा आवाज समोर बसल्यासारखा वाटला होता. मात्र तिथले स्पीकर हॉर्नचे होते, संवेदनशीलता (ठरलेली वीज दिल्यावर किती मोठा वाजतो ते) ९७ डेसिबल. घरचे ८६ चे. मधला फरक ११ डेसिबलचा, म्हणजे तेवढ्याच आवाजाला घरी साडेबारा पट वॅट लागणार. शोरूममध्ये ऐकलेला अँप घरी तसाच वाजेल, हे गृहीत धरायला काहीच आधार नव्हता.

आधी घर मोजलं

ऐकायची खोली माडीवर आहे, साधारण १४ बाय ११ फूट, छत लाकडी, जमीनही लाकडी पाटांची. खाली काही ठेवायचंच नाही, हा घराचा नियम. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती आणि धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. गावभागातल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. माडीवर ठेवायचं म्हणजे अरुंद जिन्यातून चढवायचं, आणि दुरुस्तीला न्यायचं झालं तर उतरवायचं. तीस किलोच्या वरचा एकच डबा नको, ही अट तिथूनच आली.

बसायची जागा स्पीकरपासून तीन मीटर. नेहमीच्या आवाजात फोनवरच्या मापकाने सरासरी ७६ डेसिबल दाखवले. फोनचं मापक सरासरी दाखवतं, क्षणिक उसळी नाही. तबल्याची सम किंवा तानेतला जोरकस स्वर सरासरीच्या पंधराएक डेसिबल वर सहज जातो. म्हणून खुर्चीपाशी ९२ डेसिबल स्वच्छ मिळाले पाहिजेत, हे लक्ष्य धरलं.

मग स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे एसी प्रवाहाला होणारा त्याचा विरोध, जो स्वराच्या उंचीनुसार बदलतो. पाठीवर '८ ओहम' छापलेलं असतं, पण ते नाममात्र. घरी मोजायची सोपी रीत अशी: जुन्या अँपच्या स्पीकर टर्मिनलवर साइन वेव्हचा एक व्होल्ट काढायचा, त्याच्या मालिकेत एक किलोओहमचा रेझिस्टर आणि मग स्पीकर. प्रवाह एक मिलिअँपिअरच्या आसपास राहतो, म्हणून स्पीकरच्या दोन टोकांवर जितके मिलिव्होल्ट तितके ओहम. स्पीकरच्या जागी आधी दहा ओहमचा रेझिस्टर लावून मीटर १० मिलिव्होल्ट दाखवतो का, ते पाहायचं. मीटर काही किलोहर्ट्झपर्यंत एसी नीट मोजणारा हवा. स्वस्तातले मीटर काहीशे हर्ट्झच्या पुढे एसी कमी दाखवायला लागतात आणि मग ट्विटरच्या (उंच स्वरांच्या छोट्या ड्रायव्हरच्या) बाजूची सगळी मापं फसतात.

निघालं ते असं: १८० हर्ट्झच्या आसपास इम्पीडन्स ३.८ ओहमपर्यंत खाली, क्रॉसओव्हरजवळ (जिथे स्वर दोन ड्रायव्हरमध्ये वाटले जातात) दोन किलोहर्ट्झला २८ ओहमपर्यंत वर, आणि ७० हर्ट्झपाशी बास-रिफ्लेक्सचा आणखी एक उंचवटा. पुढचं अख्खं प्रकरण या तीन आकड्यांभोवती फिरतं.

वॅट नको, व्होल्ट मोजा

'८६ डेसिबल' हा आकडा बहुधा २.८३ व्होल्ट देऊन, एक मीटरवर मोजलेला असतो. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॅट, पण ४ ओहमला तेच दोन वॅट. ज्या पट्ट्यात स्पीकर चार ओहमच्या खाली जातो तिथे तो खरं तर ८३ डेसिबलचाच आहे. म्हणून हिशेब व्होल्टमध्येच केला, अँपचा चार ओहमचा टॅप (चार ओहमच्या स्पीकरसाठीची आउटपुट ट्रान्सफॉर्मरची जोडणी) धरून.

३००बी चे आठ वॅट चार ओहमला ५.६६ व्होल्ट देतात. २.८३ च्या दुप्पट, म्हणजे ६ डेसिबल जास्त, एक मीटरवर ९२. तीन मीटरवर अंतरामुळे साडेनऊ जातात, दुसऱ्या स्पीकरमुळे तीन परत मिळतात, खोलीच्या भिंती दोन-अडीच देतात. एकूण तोटा चारचा. खुर्चीपाशी ८८. लक्ष्याला चार डेसिबल कमी. ईएल३४ या दुसऱ्या व्हॉल्व्हच्या पुश-पुल जोडीचे (दोन व्हॉल्व्ह एकमेकांच्या उलट काम करतात) ३५ वॅट ११.८ व्होल्ट देतात, खुर्चीपाशी साडेचौऱ्याण्णव. केटी८८ या आणखी मोठ्या व्हॉल्व्हचे ७५ वॅट दिले तर अठ्ठ्याण्णवच्या जवळ.

चार डेसिबलची उणीव फार नाही. ३००बी कोसळत नाही, हळूहळू गोलावतो. रात्रीच्या हलक्या ऐकण्यात ते कळणारही नाही. नुसत्या ताकदीच्या मुद्द्यावर ३००बी बाद झाला नसता. तो बाद झाला इम्पीडन्समुळे.

घरी आणून ऐकल्यावर

विक्रेत्याने दोन दिवसांसाठी अँप घरी दिला. लाखाच्या पुढची कुठलीही व्हॉल्व्ह खरेदी याशिवाय करू नये, आणि अनामत रक्कम ठेवून असं देणारे विक्रेते आहेत.

पहिल्या अर्ध्या तासात दोघंही खूश. तानपुऱ्याची जवारी उजळलेली, आवाज दोन पावलं पुढे. मग काळी एकच्या गायकाचा विलंबित ख्याल लावला तेव्हा बाईंना खर्ज हलका वाटला. खोलीतला तानपुरा त्याच पट्टीत लावून शेजारी छेडला, तर फरक उघड झाला. तबलावादनाच्या तबकडीवर त्या स्पष्टच म्हणाल्या, "अहो, डग्गा नुसता घुमतोय. घिस्सा कुठाय?" घिस्सा म्हणजे डग्ग्यावर तळहात सरकवून काढलेला ओढता स्वर.

कारण हिशेबात सापडतं. फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटून इनपुटला देऊन चुका आवरणं) नसलेल्या या ३००बी चा आउटपुट इम्पीडन्स आठ ओहमच्या टॅपवर सुमारे २.४ ओहम होता. अँपच्या पोटातला हा रेझिस्टन्स आणि स्पीकर मिळून व्होल्टेज वाटून घेतात. स्पीकर ३.८ ओहम असतो तिथे सव्वाचार डेसिबल आतच राहतात, २८ ओहम असतो तिथे जेमतेम पाऊण. म्हणजे १८० हर्ट्झच्या तुलनेत दोन किलोहर्ट्झ साडेतीन डेसिबलनी चढतात. काळी एकमध्ये मध्य षड्ज १३९ हर्ट्झला आणि पंचम २०८ ला येतो, खड्डा बरोबर या दोघांच्या मध्ये. जवारीची चमक वरच्या पट्ट्यात असते, ती उचलली जाते. ७० हर्ट्झच्या उंचवट्यावर डग्गा फुगतो आणि त्याला आवरायला अँपचा लगाम नाही, म्हणून घिस्सा त्या घुमण्यात बुडतो. चार ओहमच्या टॅपवर आउटपुट इम्पीडन्स निम्मा होतो, चढ-उतार दोन डेसिबलवर येतो. तिथे खर्ज सुधारला, पण दोघांना आवडलेली ती 'समोर बसल्याची' जादूही तेवढीच ओसरली.

म्हणजे जे आवडलं होतं त्यातलं बरंचसं ३००बी चं नसून या स्पीकरच्या इम्पीडन्सच्या चढ-उताराचं होतं. हे तोंडी सांगून कोणी मान्य करत नाही. म्हणून जुना ट्रान्झिस्टर अँप परत लावला आणि प्रत्येक स्पीकरच्या लाल तारेत २.२ ओहम, २० वॅटचा सिमेंटचा रेझिस्टर मालिकेत घातला. आवाज खुर्चीपाशी पिंक नॉइजने (सगळ्या पट्ट्यांतल्या खरखराटाने) अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवला, कारण जो अँप किंचित मोठा वाजतो तो नेहमी 'चांगला' वाटतो. अँपवर चादर टाकली.

रेझिस्टरसकट ट्रान्झिस्टर अँपला दोघांनीही ३००बी समजण्याची चूक केली. तीच उजळ जवारी, तोच पुढे आलेला आवाज, तोच घुमणारा डग्गा. आवाज मोठा केल्यावर मात्र फरक कळला. तारसप्तकातली आरोळी ३००बी वर मऊ राहायची, ट्रान्झिस्टरवर टोकदार. व्हॉल्व्हची स्वतःची देणगी तेवढी, आणि ती खरी आहे: ३००बी सारख्या ट्रायोड व्हॉल्व्हची विकृती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची असते, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर, कानाला न खुपणारा. पण सगळीच जादू काचेत नव्हती.

घरमालक म्हणाले, मग चाळीस रुपयांत काम झालं की. अर्धी थट्टा होती, पण उत्तर द्यायला हवं. रेझिस्टर चांगल्याबरोबर वाईटही घेऊन येतो आणि त्याला स्विच नाही. शिवाय व्हॉल्व्ह अँप हवा असणं यात गैर काही नाही. आपण कशाचे पैसे मोजतोय एवढं ठाऊक असावं. घरी मागवलेल्या प्रत्येक व्हॉल्व्ह अँपच्या चाचणीआधी आपल्याच स्पीकरवर हा रेझिस्टरचा प्रयोग करून घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. त्याने निवडीतला निम्मा गोंधळ निवळतो.

शर्यतीत कोण उरलं

८४५ या मोठ्या ट्रायोडचा सिंगल-एंडेड लगेच बाद. वीसेक वॅट मिळतात, पण प्लेटवर (व्हॉल्व्हच्या आतल्या धन इलेक्ट्रोडवर) हजार व्होल्टच्या घरातला दाब. सांगलीत तो उघडून दुरुस्त करणारा हात मिळणं अवघड, आणि शिकाऊ हाताने उघडू नये.

केटी८८ च्या वर्गात मॅकिंटॉशचा एमसी२७५ सगळ्यांच्या तोंडी असतो. १९६१ चं मूळ डिझाइन, चार केटी८८, प्रत्येक बाजूला ७५ वॅट. पण तो पॉवर अँप आहे, त्याला वेगळा प्रीअँप हवा आणि वजन तीस किलोच्या आसपास. पैशातही बसत नव्हता आणि जिन्यातही. शिवाय ३५ वॅटऐवजी ७५ घेतल्याने वाढतात सव्वातीन डेसिबल, आणि या घराला त्यांची गरज नव्हती.

३००बी ठेवायचा तर स्पीकर बदलावे लागणार होते: ९३ डेसिबलच्या पुढचे आणि, जास्त महत्त्वाचं, इम्पीडन्स सहा ओहमच्या खाली न जाणारे. या मार्गाची शिफारस आम्ही दुसऱ्या एखाद्या घरात आनंदाने केली असती. इथे अकरा फुटी खोलीत तेवढे मोठे डबे भिंतीला टेकले असते. व्हॉल्व्हचा खर्चही पाहावा लागतो. वेस्टर्न इलेक्ट्रिकची जुळवलेली ३००बी ची जोडी दीड हजार डॉलरच्या घरात जाते. चिनी किंवा स्लोव्हाकियाच्या जेजे कंपनीची स्वस्त पडते, तरी चार ईएल३४ च्या संचाहून बरीच महाग. ईएल३४ आजही रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन अशा तीन देशांत बनते. पुरवठ्याचा एक नळ बंद झाला तरी दुसरा चालू राहतो.

राहिले ईएल३४ पुश-पुलचे दोन इंटिग्रेटेड. एकात बायस, म्हणजे गाणं नसताना व्हॉल्व्हने किती प्रवाह खेचायचा ती जुळणी, आपोआप होतो. व्हॉल्व्ह बदलला की स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा नाही, बिघडलेला व्हॉल्व्ह दिव्याने कळतो. दुसऱ्यात प्रत्येक व्हॉल्व्हचा बायस हाताने लावायचा, वर छोटा मीटर, आणि मागे फीडबॅक कमी-जास्त करायचा स्विच. बहुतेक सल्लागार इथे डोळे मिटून पहिला सांगतील. आम्ही दुसरा निवडला. आपोआप बायसचं सर्किट बिघडलं तर अँप मुंबईला जाणार. हाताच्या बायसमधला पोटेन्शिओमीटर (फिरवायचा रेझिस्टर) आणि रेझिस्टर रेडिओ दुरुस्तीचा अनुभव असलेला कुठलाही जुना कारागीर बदलू शकतो.

आणि फीडबॅकचा स्विच, ज्याने हे प्रकरण खरं सुटलं. जास्त फीडबॅकवर चार ओहमच्या टॅपला आउटपुट इम्पीडन्स ०.४ ओहम; या स्पीकरवर चढ-उतार पाऊण डेसिबल. कमी फीडबॅकवर ०.९ ओहम; चढ-उतार दीड डेसिबल. म्हणजे गाण्याच्या तबकडीला आवडीची थोडी चमक, तबल्याच्या तबकडीला लगाम, आणि दोन्हीमध्ये पाठीमागचा एक खटका.

लाईटचा प्रश्न

आठवडाभर प्लगमध्ये बसणारा व्होल्टमीटर लावून ठेवला. घरगुती पुरवठ्याला २३० च्या दोन्ही बाजूंना ६ टक्के, म्हणजे २१६ ते २४४ व्होल्टची मुभा असते. या घरी संध्याकाळी सातला २२०, आणि रात्री अकरानंतर, आजूबाजूचे पंखे-फ्रिज सोडले तर बाकी भार उतरल्यावर, २४९. ऐकायची वेळ नेमकी तीच.

व्हॉल्व्ह अँपमध्ये हीटरपासून हाय टेन्शनपर्यंत (प्लेटला लागणाऱ्या चढ्या दाबापर्यंत) सगळं एकाच ट्रान्सफॉर्मरवर आणि नियंत्रण न केलेलं असतं. २३० ला ६.३ व्होल्ट असलेला हीटर २४९ ला ६.८ वर जातो. ट्रान्सफॉर्मर २२० चा असेल तर ७.१ वर. पाच टक्क्यांपेक्षा जास्त चढ हीटरला मानवत नाही, कॅथोडचं आयुष्य घटतं. ४४० चं हाय टेन्शन ४७६ होतं. म्हणून खरेदीआधी मागच्या पाटीवर २२०, २३० की २४० लिहिलंय ते वाचावं आणि आत २४० चा टॅप असेल तर तोच जोडून मागावा.

परदेशातून स्वस्तात आणलेले १२० व्होल्टचे अँप स्टेप-डाउनवर चालवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. फक्त ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झला जास्त तापतो आणि गुरगुरतो. पाटीवर '५०/६०' नसेल तर घेऊ नये.

उपाय म्हणून १ केव्हीएचा सर्व्हो स्टॅबिलायझर २३० वर लावला. टीव्ही-फ्रिजचा रिलेवाला स्टॅबिलायझर पायऱ्या-पायऱ्यांनी उडी मारतो आणि प्रत्येक उडीला स्पीकरमधून टक् येतो. सर्व्होची मोटर बारीक घरघरते, म्हणून तो जिन्याच्या कोनाड्यात. २४९ कायमच राहत असते तर १५ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर उलट्या फेजने मालिकेत घालून पंधराएक व्होल्ट उतरवणं स्वस्त पडलं असतं. पण संध्याकाळच्या २२० ला तोच उपाय २०५ वर आणून सोडतो.

इन्व्हर्टरवर अँप चालवू नये. स्क्वेअर वेव्हवाला तर मुळीच नाही: साइनच्या २३० व्होल्टचं शिखर ३२५ असतं, स्क्वेअरचं २३० च, त्यामुळे हाय टेन्शन घसरतं आणि ट्रान्सफॉर्मर कण्हतो. लाईट गेली की ऐकणं बंद. वळवाच्या दिवसांत विजा दिसल्या की प्लग बाहेर.

खर्चाचं वाटप शेवटी असं झालं: अँपला अडीच लाखांच्या आत, जुळवलेल्या ईएल३४ चा एक सुटा संच आणि दोन ईसीसी८३ (आधीच्या टप्प्याचे छोटे व्हॉल्व्ह), सर्व्हो, नवी अर्थिंग, भिंतीत ठोकलेला टर्नटेबलचा फळीचा स्टँड. लाकडी माडीवर कोणी चाललं की सुई उडायची, ते या फळीने थांबलं आणि अँप बदलण्याइतकाच फरक पडला. उरलेले पैसे उरले.

बसवताना

व्हॉल्व्ह काढून वेगळे पॅक करून पाठवा, असं लेखी सांगितलं होतं. जागेवर आल्यावर क्रम असा ठेवला: मुख्य स्विच बंद, व्हॉल्व्हच्या बुडाची खाच पाहून सरळ दाबून बसवणं, स्पीकरच्या तारा चार ओहमच्या टॅपला, आणि मगच प्लग. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अँप चालू करून आवाज दिला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये शेकडो व्होल्टची उसळी येते आणि त्याचं इन्सुलेशन फुटू शकतं. ट्रान्झिस्टरवाल्यांची सवय उलटी असते, म्हणून हे पाटी लिहून मागे चिकटवलं.

पहिल्या संध्याकाळी गुणगुण आली. सगळ्या इनपुट तारा काढल्या, गुणगुण गेली. एकेक परत लावली, टीव्हीची तार लावताच आली. ५० हर्ट्झची, म्हणजे अर्थचा फेरा: केबलवाल्याच्या कोएक्सची जाळी एकीकडे जमिनीला, अँप दुसरीकडे. टीव्हीपासून ऑप्टिकल तारेने छोट्या डॅकला (डिजिटल आवाज अ‍ॅनालॉग करणाऱ्या डबीला) आणि तिथून अँपला असं जोडल्यावर मिटलं. प्लगची अर्थ पिन कापून गुणगुण घालवायचा उद्योग काही जण सुचवतात. ४४० व्होल्ट पोटात असलेल्या लोखंडी डब्यावर तो करणं म्हणजे जिवाशी खेळ.

तरी सगळी शांतता नव्हती. बारीक १०० हर्ट्झ उरला होता. काळी एकच्या खर्जाशी त्याचं नातं पाहिलं तर तो किंचित चढा तीव्र मध्यम पडतो, त्यामुळे गाणाऱ्या बाईंना तो आधी ऐकू आला, आम्हाला मागून. १०० हर्ट्झ म्हणजे रेक्टिफायरची (एसीचा डीसी करणाऱ्या भागाची) लहर. पुश-पुलमध्ये जोडीतले दोन व्हॉल्व्ह सारखा प्रवाह खेचत असतील तर ती ट्रान्सफॉर्मरमध्ये कटते. मीटर पाहिला तर डाव्या जोडीत ३१ आणि ४२ मिलिअँपिअर. बायस लावायची रीत: वीस मिनिटं तापू द्यायचं, इनपुट बंद, चारही व्हॉल्व्ह ३८ वर आणायचे, एक लावला की दुसरा थोडा सरकतो म्हणून फेरी परत मारायची, तासाभराने पुन्हा पाहायचं. ४४० व्होल्टला ३८ मिलिअँपिअर म्हणजे पावणेसतरा वॅट. ईएल३४ ची मर्यादा २५, म्हणजे सदुसष्ट टक्के. याहून फारसं वर जाऊ नये. चारही सारखे झाल्यावर स्पीकर टर्मिनलवरची गुणगुण ३ मिलिव्होल्टवरून एकच्या खाली आली.

दुसऱ्या आठवड्यात एका व्हॉल्व्हची प्लेट मधोमध लाल झाली. हीटरचा नारिंगी उजेड रोजचाच. काचेच्या आतल्या बाजूला दिसणारी निळी झाकही निर्धोक. पण करडी प्लेट स्वतः लाल दिसली तर लगेच बंद. बंद करून, पूर्ण थंड झाल्यावर, तो व्हॉल्व्ह शेजारच्याशी बदलला. लाली व्हॉल्व्हबरोबर सरकली असती तर व्हॉल्व्ह खराब. इथे ती जागेवरच राहिली. म्हणजे सॉकेट, बायसचा पोटेन्शिओमीटर किंवा आधीच्या टप्प्याचा कपलिंग कॅपॅसिटर. निघाली पाचव्या पिनेची पकड सैल. ईएल३४ ची पाचवी पिन म्हणजे कंट्रोल ग्रिड. तिचा उणे दाब सुटला की व्हॉल्व्ह मोकाट प्रवाह खेचतो. प्रवासात हादरलेल्या सॉकेटचा हा नेहमीचा आजार. कारागिराने कॅपॅसिटर रिकामे करून, मीटरने शून्य पाहून, पकड आवळली. प्लग काढल्यानंतरही कॅपॅसिटर भरलेले राहतात, तेव्हा हे घरी करायचं काम नाही.

त्याच वेळी फ्यूजही उडाला होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला नवा फ्यूज चालू करताक्षणी उडाला, कारण तो झटपट उडणाऱ्या जातीचा होता. इथे लागतो तो हळू उडणारा, टोपणावर 'टी' अक्षर असलेला, तेवढ्याच अँपिअरचा. मोठ्या अँपिअरचा टाकला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जातो. आता पाच फ्यूज डबीत आहेत.

उन्हाळ्यात माडीवर दुपारी ३९-४० अंश असतात आणि अँप नुसता चालू असला तरी दीडशे-पावणेदोनशे वॅट उष्णता टाकतो. वर वीस सेंटीमीटर मोकळं, कपाटात ठेवायचा नाही, जाळी नातवंडं येतील तेव्हा चढवायचीच. काचेचं तापमान दोनशे अंशांच्या घरात जातं. दिवसाला तीन तास ऐकलं तर महिन्याला पंधराएक युनिट. आणि वर्षाला हजार तास, म्हणजे ईएल३४ चा संच बेताने दोन-तीन वर्षांचा. ईसीसी८३ त्याहून कितीतरी जास्त टिकतात. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या ईसीसी८३ कुणाच्या रेडिओच्या पेटीत मिळाल्या तर चाचणी करून जरूर ठेवाव्यात.

सुटा संच मात्र डब्यात बंद ठेवू दिला नाही. नव्या व्हॉल्व्हची हमी बहुधा काही महिन्यांचीच असते आणि ती खरेदीच्या तारखेपासून चालते, वापरल्यापासून नाही. म्हणून आल्या आल्या तो संच वीस तास चालवून, प्रत्येकाचा बायस ३८ वर स्थिर राहतो का ते पाहून, डब्यावर तारीख आणि आकडे लिहून माडीवरच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवला. त्यातला एक दर तासाला दोन मिलिअँपिअर वर सरकत होता. तो हमीत परत गेला आणि बदलून आला.